चौदा पाने आणि एक बटण

मी एक जुना पत्ता आहे. रस्त्यावरचा नव्हे, इंटरनेटवरचा. मला डोमेन म्हणतात. आधी मोजदाद देतो, कारण मोजल्याशिवाय बोलायचे नाही ही सवय मला माझ्या पहिल्या मालकिणीने लावली. माझ्या नावात नऊ इंग्रजी अक्षरे, एक टिंब आणि टिंबानंतर तीन अक्षरे. माझ्या नावाखाली चौदा पाने होती. त्यांवर एकतीस चित्रे, सहा तक्ते आणि शेवटच्या पानाच्या तळाशी पत्र पाठवण्यासाठी एक ई-मेल. विकायची वस्तू एकही नव्हती. ‘आता मागवा’ म्हणणारे बटण एकही नव्हते.

मित्रांनो, पत्ता आणि घर यांत पुष्कळ जण गल्लत करतात. मी म्हणजे फक्त दारावरची पाटी. पाने राहतात ती जागा वेगळी. ती दूरच्या एखाद्या थंड खोलीतल्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेली असते, तिला होस्टिंग म्हणतात. जागा बदलली तरी पाटी तीच राहते. पाटीही कायमची कुणाची नसते, वर्षावर्षाच्या मुदतीवर मिळते. ती एखाद्या दिवशी दुसऱ्याच्या हाती गेली, तर बाहेरून येणाऱ्याला त्याचा सुगावाही लागत नाही. माझी सारी गोष्ट या एका वाक्यात आहे, आणि माझा सारा अपराधही.

मला कान नाहीत. पण ज्या खोलीत कुणी मला उघडते किंवा माझे नाव घेते, तिथे मी तेवढा वेळ हजर असतो. पुढचे सगळे मी असेच ऐकलेले आहे.

माझा जन्म एका रुग्णालयाच्या तळघरात झाला. तिथे एक छोटी खोली होती. भिंतींना आतून स्पंज लावलेला आणि दार इतके जाड, की ते बंद झाले की आपल्याच श्वासाचा आवाज यावा. त्या खोलीत बाई मुलांचे कान तपासत. बाई श्रवणतज्ज्ञ होत्या. मुलाच्या कानांवर हेडफोन ठेवायचा, हातात लाकडी ठोकळा द्यायचा, आणि आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा. मुलांना तो खेळ वाटे. बाहेर बसलेल्या आईबापांना मात्र प्रत्येक ठोकळ्याबरोबर घाम फुटे.

तपासणी झाली की त्या आईबापांचे प्रश्न सुरू होत. प्रश्न तेच, माणसे वेगळी. बाई प्रत्येकाला कागदावर उत्तरे लिहून देत. शेवटी रुग्णालयाच्या संगणक विभागातला एक जण म्हणाला, “बाई, हात झिजवून घेताय. एक साइट करून टाकू. नाव काय देऊ?”

“मी दिवसभर या पोरांना काय विचारते?”

“ऐकू येतंय?”

“मग तेच दे.”

“आणि ई-मेल? दरवर्षी मुदत संपत आली की त्यावर सूचना येते.”

“हा रुग्णालयाचाच टाक की. मी कुठे जातेय?”

बाई चौदा पाने लिहायला आठ महिने बसल्या. वाक्ये छोटी आणि खरी. पाचव्या पानावर त्यांनी लिहिले होते: “मूल सुरुवातीला श्रवणयंत्र काढून टाकेल. रागावू नका. पुन्हा लावा. रोज थोडा वेळ वाढवत न्या.” आठव्या पानावर होते: “नुसता आवाज वाढवणारे यंत्र म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. श्रवणयंत्र तुमच्या मुलाच्या कानासाठी मोजून लावलेले असते. दुसरे यंत्र सगळेच आवाज सरसकट मोठे करते, आणि मुलाचा उरलेला कानही त्याने दुखावू शकतो.” बाराव्या पानावर तपासणीचा कागद कसा वाचायचा ते होते. आकडा डेसिबलमध्ये असतो. आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी. त्याखाली एक ओळ होती: “एकाच कानाची दोनदा तपासणी केली तर पाच डेसिबलचा फरक निव्वळ मोजणीतही पडतो. पाचाने घाबरू नका. पाचाने निश्चिंतही होऊ नका.”

रुग्णालयाने माझे नाव आणि खाली माझ्याच पत्त्यावरचा बाईंच्या नावाचा ई-मेल छापलेल्या चिठ्ठ्या केल्या. ज्या मुलाच्या तपासणीत दोष निघे, त्याच्या घरच्यांच्या हातात एक चिठ्ठी पडे. पुढे आणखी दोन रुग्णालयांनी आणि एका शाळेने आपापल्या पानांवरून माझ्याकडे वाट करून दिली. अशा वाटेला लिंक म्हणतात. अशी लिंक मिळाली की इंटरनेटच्या जगात पत्त्याची पत वाढते. माझी पत अकरा वर्षे हळूहळू वाढत गेली. मी स्वतः काहीच केले नव्हते. ती बाईंची पत होती, मी फक्त मिरवत होतो.

मग बाई निवृत्त झाल्या. ज्या संध्याकाळी त्यांनी तळघराची किल्ली परत केली, त्याच संध्याकाळी त्यांची रुग्णालयातली ई-मेल पेटीही बंद झाली. तो तिथला नियमच होता. त्यानंतर माझी मुदत संपत आल्याच्या चार सूचना आल्या आणि चारही त्या बंद पेटीच्या दारावरून माघारी गेल्या. मुदत संपली. मुदतीनंतरचे सवलतीचे दिवस असतात, तेही संपले. त्या दिवसांत बाईंनी घरून दोनदा माझे नाव टाइप केले. पान उघडले नाही. “माणूस गेलं की पानंही काढून टाकतात वाटतं,” एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन पालथा ठेवला. त्यांना वाटले, रुग्णालयाने साइट बंद केली. त्यांनी कुणाला विचारले नाही. रुग्णालयात कुणाला पत्ता नव्हता की विचारायचे काही आहे. चिठ्ठ्यांचा गठ्ठा तेवढा खणात होता, आणि खण उघडून एकेक चिठ्ठी देणे चालूच राहिले.

अडीच महिने मी ओस पडलो. मग मुदत संपलेल्या पत्त्यांच्या एका लांबलचक यादीत माझे नाव लागले.

ती यादी एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर वाचली जात होती. टेबलाच्या एका टोकाला इस्त्रीचे कपडे, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. लॅपटॉपपुढे भावोजी, कपड्यांपाशी त्यांच्या वहिनी. भावोजी पूर्वी मोबाइल दुरुस्त करायचे. वहिनी एका छापखान्यात मुद्रिते तपासायच्या. भावोजींचे दुकान मोडले आणि वहिनींचा छापखाना बंद पडला, तेव्हा दोघांनी मिळून हा नवा उद्योग धरला. त्याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. दुसऱ्याची वस्तू आपल्या पानावर मांडायची. वाचणाऱ्याने बटण दाबून ती घेतली, तर विक्रीतला छोटा वाटा आपल्याला. जाहिरातीवरून माणूस थेट ज्या पानावर उतरतो, ते लँडिंग पेज. वहिनी मजकूर लिहीत, भावोजी पत्ता आणि जागा निवडत. त्यांची अशी सहा पाने झाली होती आणि सहाही आपटली होती.

“आपलं चुकतंय कुठे सांगू, वहिनी?” भावोजी म्हणाले. “आपण दर वेळी कोरा पत्ता घेतो. कोरा पत्ता म्हणजे काल राहायला आलेला माणूस. त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?”

“तुमच्या शब्दावर घरातलेही ठेवत नाहीत. तुम्ही तर इथे जन्मापासून आहात.”

“थट्टा नको. हा बघा. अकरा वर्षांचा. नाव छोटं, फोनवर सांगितलं तरी कळेल असं. मध्ये आकडा नाही, आडवी रेघ नाही. दोन रुग्णालयांच्या आणि एका शाळेच्या साइटवरून लिंक. आणि आधीच्या माणसाने याच्यावरून काही वाकडे धंदे केलेले नाहीत, तेही तपासलं. धुतल्या तांदळासारखा आहे.”

“एवढा गुणाचा होता तर सोडला कशाला?”

“मुदत भरली नसेल. रिकामं घर आहे, वहिनी. आपण काही कुणाचं सामान बाहेर टाकत नाही.”

“रिकामं घर घेतानाही माणूस शेजारीपाजारी चौकशी करतो.”

“इथे शेजारी नसतात.”

वहिनी हसल्या आणि त्यांनी पुढचा शर्ट घेतला. विषय तिथेच संपला. माझा पूर्वेतिहास स्वच्छ आहे का, हे त्यांनी बारकाईने तपासले होते. तो ज्यांच्यामुळे स्वच्छ होता ती माणसे अजून कुठे आहेत का, हे पाहायचे राहून गेले.

मग जागा निवडायची वेळ आली. भावोजी यात पक्के होते. त्यांनी तीन ठिकाणी एकच पान ठेवून पाहिले आणि ते उघडायला लागणारा वेळ वहीत मांडला. पहिल्या जागी चार पूर्णांक एक सेकंद. ती सगळ्यांत स्वस्त होती, पण एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडे. दुसऱ्या जागी दोन पूर्णांक सहा. तिसऱ्या जागी शून्य पूर्णांक नऊ.

“तीन सेकंदांत पान उघडलं नाही, तर माणूस मागच्या पावली परततो,” ते म्हणाले. त्यांनी तिसरी जागा घेतली. रोज पानांची एक प्रत आपोआप बाजूला पडेल, अशी सोय केली. माझ्या नावाच्या डावीकडे कुलपाचे छोटे चित्र दिसू लागले. मित्रांनो, त्या कुलपाचा अर्थ एवढाच असतो, की तुम्ही आणि पान यांच्यामधले बोलणे वाटेत कुणी चोरून वाचत नाही. आत बसलेला खरे बोलतो का, हे कुलूप सांगत नाही. पण आजीआजोबांना वाटते, कुलूप आहे म्हणजे घर विश्वासाचे.

इंटरनेटवर जुन्या पानांच्या प्रती जपणारे एक संग्रहालय आहे. भावोजींनी तिथून बाईंची पाने परत आणली. जुन्या लिंका तुटू नयेत आणि पत उतरू नये, म्हणून ही युक्ती. बाईंचे नाव त्यांनी काढले, मजकूर तसाच ठेवला. पहिल्या पानावर मात्र कान दाखवणारे चित्र गेले आणि तिथे नवा मजकूर, एका आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा फोटो आणि हिरवे बटण आले.

“हे आठवं पान वाचलंत का?” वहिनींनी विचारले.

“वाचलं. ते आपल्याच बटणाशी भांडतंय.”

“बरोबर भांडतंय, भावोजी.”

“मुलांसाठी भांडतंय. आपण कुठे मुलांना विकतोय? म्हाताऱ्या माणसांना टीव्ही ऐकायला हे यंत्र आहे. लहान मुलांसाठी नाही, असं खाली लिहा ना तुम्ही. स्पष्ट लिहा.”

वहिनींनी ते स्पष्ट लिहिले. आठवे पान काढले. त्याच्याशी जोडलेली आणखी चार पानेही काढली. नऊ उरली. पाचवे पान राहिले, कारण त्यात भांडण्यासारखे काहीच नव्हते.

मी तेव्हा काय करत होतो, ते सांगायला हवे. पत्त्याला नाही म्हणता येत नाही, हे खरे. पण त्या सबबीमागे मला लपायचे नाही. मी खूश होतो. अडीच महिने माझ्याकडे कुणी फिरकले नव्हते आणि आता पुन्हा वर्दळ सुरू झाली होती. शून्य पूर्णांक नऊ सेकंदांत मी दार उघडत होतो. बाईंच्या काळात मला साडेतीन सेकंद लागत. एवढ्या चपळाईने मी कधी काम केले नव्हते, आणि काय काम करतो आहे हे मला ठाऊक होते. मी आठवे पान अकरा वर्षे वागवले होते.

सात महिने बरे गेले. यंत्र विकणाऱ्या कंपनीला पत्रव्यवहारासाठी याच पत्त्यावरचा ई-मेल हवा होता, म्हणून भावोजींनी एक सोय चालू केली होती. माझ्या नावावर कुणाच्याही नावाने पत्र आले, तरी ते एकाच पेटीत पडायचे. त्यामुळे बाईंच्या नावाची पत्रेही त्या पेटीत येऊ लागली. पहिले आले तेव्हा भावोजी म्हणाले, “जुन्या भाडेकरूचं टपाल.” त्यांनी ती आपोआप बाजूच्या कप्प्यात जातील अशी व्यवस्था केली. ती त्यांनी उघडली नाहीत. दुसऱ्याची पत्रे वाचू नयेत, एवढे वळण त्यांना होते.

एके दुपारी वहिनी कंपनीचा एक निरोप शोधत होत्या. तो सापडेना म्हणून त्यांनी बाजूचा कप्पा उघडला. तिथे एकोणीस पत्रे होती, एकही न उघडलेले. सर्वांत वरच्या पत्राचा विषय होता, “नात यंत्र ठेवत नाही.” ते पाच आठवड्यांपूर्वी आले होते. वहिनींनी ते उघडले.

“बाईंना नमस्कार. माझी नात चार वर्षांची आहे. तपासणीत दोन्ही कान साठ-साठ आले. रुग्णालयातून चिठ्ठी मिळाली, तिच्यावर हा पत्ता होता. कानाच्या मापाची यंत्रे यायला काही महिने लागतील म्हणाले. तोवर दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून तुमच्या पानावर आहे ते यंत्र मागवले. उजव्या कानाला लावतो. ती काढून फेकते. पाचव्या पानावर तुम्ही लिहिले आहे की मूल काढून टाकेल, पुन्हा लावा. आम्ही पुन्हा लावतो. आता वरून चिकटपट्टी लावतो, म्हणजे तिला काढता येत नाही. रोज थोडा वेळ वाढवत तीन तासांवर आणले आहे. काल तिने माझ्या हाताला चावा घेतला. रागावलो नाही. आणखी किती दिवस धीर धरावा, ते कळवावे.”

खाली फोन नंबर होता.

वहिनींनी ते पत्र दोनदा वाचले. मागे कपडे धुण्याचे यंत्र काम संपवून पिंक पिंक करत राहिले. ते बंद करायला त्या उठल्या नाहीत. त्यांनी नंबर लावला.

“काका, मी ‘ऐकू येतंय’वरून बोलतेय.”

“बाई? बाई, किती वाट बघितली तुमची.”

“मी बाई नाही. काका, ते यंत्र अजून लावता का तिला?”

“लावतो तर. आता चार तासांवर आलोय. रडते, पण आम्ही सोडत नाही.”

“आत्ता काढा. पट्टी काढा आणि यंत्र काढा. पुन्हा लावू नका.”

“पण पाचव्या पानावर…”

“पाचवं पान खरं आहे, काका. पण ते या यंत्रासाठी लिहिलेलं नाही. ते यंत्र तिच्या कानाला मोजून लावलेलं नाही. तिला ते फार मोठं ऐकू येत असेल. ती काढत होती ते बरोबर होतं.”

मग आजोबांनी विचारले, “मग दोन्ही एकाच पत्त्यावर कसं होतं?”

वहिनींनी फोन ठेवला आणि लॅपटॉप पुढे ओढला.

भावोजी घरी आले तेव्हा हिरवे बटण पानावरून गेलेले होते. वहिनींनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी उभ्याउभ्याच पत्र वाचले आणि मग खुर्ची ओढली.

“आपण लिहिलं होतं ना खाली. मुलांसाठी नाही म्हणून.”

“किती मोठ्या अक्षरात?”

“लिहिलं होतं, वहिनी.”

“भावोजी, किती?”

“नऊ पॉइंट.”

“आणि बटणावरचं?”

“चोवीस.”

“छापखान्यात सतरा वर्षं मी हेच बघत होते,” वहिनी म्हणाल्या. “कुठलं अक्षर केवढं. मला कळत नव्हतं असं नाही.”

भावोजींनी उरलेली अठरा पत्रे एकेक करून उघडली. त्यात एका आईने विचारले होते, साइट पुन्हा सुरू झाली, बाई कशा आहेत? एका बापाने मुलाचा फोटो पाठवला होता. सहा जणांनी यंत्राविषयीच विचारले होते.

बाईंचा शोध लागायला दोन दिवस लागले. तळघरातल्या त्या खोलीत आता एक तरुण तंत्रज्ञ होती. तिने नंबर दिला. वहिनींनी फोन केला आणि काहीही न लपवता सगळे सांगितले. शेवटी बाई म्हणाल्या, “बटण किती जणांनी दाबलं?”

“चारशे बारा.”

“घेतलं किती जणांनी?”

“सदतीस.”

“त्यात मुलं किती?”

“माहीत नाही, बाई. घेणाऱ्यांची नावं आम्हाला कळत नाहीत. आम्हाला फक्त आकडा दिसतो.”

“हं,” बाई म्हणाल्या. “मला एकदा रुग्णालयात फोन करून विचारता आलं असतं. मी रुसून बसले. चिठ्ठ्या खणात आहेत हे मला माहीत होतं.”

“बाई, चूक आमची आहे.”

“तुमची आहेच. मी माझी सांगतेय.”

त्या आठवड्यात आठव्या पानासकट पाचही पाने परत आली. चौदा पूर्ण झाली. भावोजींनी मला बाईंच्या नावावर करून दिले, आणि सूचना यायच्या ठिकाणी एक सोडून तीन ई-मेल टाकले: बाईंचा घरचा, तळघरातल्या तंत्रज्ञ मुलीचा आणि स्वतःचा. जागा तीच ठेवली. तिचे भाडे ते भरतात. त्याविषयी ते कधी बोलत नाहीत, मीही बोलत नाही. पहिल्या पानावर वहिनींनी चोवीसच्या अक्षरांत लिहिले: “गेल्या सात महिन्यांत या पानावरून तुम्ही यंत्र घेतले असेल, तर ते लहान मुलाला लावू नका. लावले असेल तर आम्हाला कळवा.” सदतीसपैकी चौदा जणांनी कळवले. त्यात तीन मुले होती. उरलेल्या तेवीस जणांविषयी मला काही माहीत नाही. ते माझ्या दारातून आले आणि माझ्याच दारातून गेले, आणि मी त्यांची नावे विचारली नाहीत.

मित्रांनो, मी पाटी आहे. पाटीवर तुम्ही विश्वास ठेवता, तो खरे तर पाटीमागच्या माणसावर असतो. म्हणून तुमच्यापैकी कुणी उद्या एखादा जुना पत्ता घेणार असेल, तर त्याचे वय पाहा, नाव पाहा, पान किती सेकंदांत उघडते तेही पाहा. पण त्याआधी एकदा विचारा, की इथे आधी कोण राहत होते, आणि त्याला शोधत अजून कोण येते आहे. आणि तुमच्या हाती स्वतःचा पत्ता असेल, तर त्याच्या मुदतीकडे तुम्हीच लक्ष ठेवा. आपण कुठे जात नाही, असे सगळ्यांनाच वाटते. एखादे दार उघडले नाही, तर रुसू नका. फोन करा.

आता नातीच्या दुसऱ्या तपासणीचे सांगून थांबतो.

कानाच्या मापाची यंत्रे आली होती, पण ती लावण्याआधी कान पुन्हा तपासायचे होते. बाई मुद्दाम आल्या होत्या. वहिनी आणि भावोजी बाहेरच्या बाकावर होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. आजोबांनी खिशातून घडी पडलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “हाच पत्ता ना?” त्यामुळे मीही त्या खोलीत होतो.

नात खुर्चीवर चढून बसली. हेडफोन पाहताच तिने दोन्ही हातांनी उजवा कान झाकला. बाई खाली बसल्या, त्यांनी हेडफोन आधी स्वतःच्या कानांवर ठेवला, मग आजोबांच्या, मग भिंतीवरच्या चित्रातल्या सशाच्या. चौथ्या खेपेला नातीने तो स्वतः मागून घेतला. जाड दार बंद झाले. बाहेर काचेपाशी सगळे उभे राहिले. ठोकळा टोपलीत पडायचा तेव्हा आवाज बाहेर येत नव्हता, फक्त हात खाली जाताना दिसत होता.

वीस मिनिटांनी तंत्रज्ञ मुलीने कागद बाहेर आणला.

“पहिल्यासारखंच आहे ना?” बाराव्या पानावरची पाचाची ओळ पाठ झालेल्या आजोबांनी विचारले.

तिने कागदावरचे आकडे वाचून दाखवले. डावा कान, साठ डेसिबल. उजवा कान, पासष्ट.